आरशातला कोट

मास्तरांनी शाळेचं तोंड चौथीपर्यंतच पाहिलं होतं, तरी अख्खी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची. बत्तीस वर्षं एकच केस कापायचं दुकान, एकच खुर्ची, समोर भिंतभर आरसा. नाकासमोर चालणारा माणूस. गिऱ्हाईक कितीही बडबडलं तरी हे आपले "हं, हं" करत वस्तरा चालवणार. हा माणूस एक दिवस नगराध्यक्षांच्या डोळ्यांत सलेल असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांची बायकोच आधी हसली असती.

झालं काय, की गल्लीला पाणी येईना. नगराध्यक्षांच्या बंगल्यात मात्र हिरवळीवर दिवसभर फवारे. मास्तरांनी दोनशे सह्यांचा अर्ज नेऊन दिला, आणि महिन्याने कारकून म्हणतो कसा, "कसला अर्ज?" दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकान उघडलं, दाढीच्या साबणाचा झिजलेला तुकडा घेतला आणि आरशावर चित्र काढलं. मागे रिकाम्या हंड्यांची रांग, पुढे टबात पाय सोडून बसलेला एक माणूस. बोटांत चार अंगठ्या, आणि पोटावर बटण न लागणारा कोट. तो कोट कुणाचा, हे शेंबड्या पोरानेही ओळखावं. पण डोकं काढलंच नाही. खुर्चीत बसलं की बसणाऱ्याचं तोंड बरोबर त्या कोटावर यायचं.

पहिलं गिऱ्हाईक पोट धरून हसलं. दुसरं हसलं आणि गप्प झालं, कारण त्याच्या घरी वशिल्याने चोरून नळ आलेला होता.

"मास्तर, माझं डोकं का म्हणून तिथे?"

"जरा घसरून बसा, मग नाही येणार."

संध्याकाळी पुसायचं, सकाळी नवं काढायचं. कोट तोच, प्रसंग रोज वेगळा. महिनाभरात लोक दाढी वाढली नसली तरी येऊन बसायला लागले. मग व्हायचं तेच झालं. दुकानाचा परवाना संपत आला होता, आणि कचेरीतून कागद आला: पुन्हा चित्र काढणार नाही असं लिहून द्या, नाहीतर शुक्रवारी कुलूप.

"अहो, आपण खायचं काय?" बायको म्हणाली. "सही करून टाका ना. पाणी काय एकट्या आपल्याला हवंय?"

"एकट्याला हवं असतं तर केली असती," मास्तर म्हणाले. ती भांडी आपटत आत गेली. मास्तरांना भीती वाटत नव्हती असं नाही. चांगलीच वाटत होती. पण सही काही त्यांनी केली नाही.

गुरुवारी दुपारी नगराध्यक्ष स्वतःच आले, दोन माणसं घेऊन. तडक खुर्चीत बसले. आणि आरशातल्या कोटाला त्याचं डोकं मिळालं. दुकानात तिघे जण थांबले होते, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

"दाढी करा," ते म्हणाले.

मास्तरांनी फेस लावला, वस्तऱ्याला धार दिली आणि गळ्यावर ठेवला. नगराध्यक्षांनी मान ताठ केली. त्यांचा एक माणूस पुढे सरकला. खरं सांगायचं तर मास्तरांच्या अंगाची आग होत होती. सातव्या महिन्यात असलेली त्यांची सून लांबून हंडे वाहत होती, आणि फवारेवाल्याचा गळा आज त्यांच्या हातात होता. पण राग हातात उतरू द्यायचा नाही, हे ते पहिल्या दिवसापासून स्वतःला बजावत आले होते. रागाची जागा समोर, आरशावर. इथे फक्त दाढी.

"मान सैल सोडा साहेब. या हाताने आजवर कुणाला ओरखडा आलेला नाही."

"ते पुसा," नगराध्यक्ष आरशाकडे बघत म्हणाले. "आत्ता देतो परवाना."

"गल्लीत पाणी सोडा, मग पुसतो."

"उद्या कुलूप लागेल."

"लागेल. हनुवटीखाली थोडी राहिलीय, हलू नका."

इतकी तुळतुळीत दाढी मास्तरांनी जावयाचीही केली नव्हती. त्या संध्याकाळी मात्र ते आरसा तसाच ठेवून घरी आले.

शुक्रवारी कारकून आला. काचेच्या दाराला कुलूप घातलं, लाख लावली, वर शिक्का मारला. गल्ली बघत उभी होती. मास्तरांची बायकोही आली, आणि तिने त्यांच्या हातात एक पिशवी ठेवली. आत वस्तरा, कात्री, कंगवे, दोन धुतलेले टॉवेल. "घरोघरी जाऊन करा," ती म्हणाली. "आणि साबण जास्तीचा ठेवलाय." मास्तरांना एकदम भरून आलं.

तेवढ्यात कुणीतरी दाराशी जरा वाकलं आणि खो खो हसलं. मग दुसरा वाकला. काचेतून समोरचा आरसा लख्ख दिसत होता, कोट आणि हंड्यांसकट, आणि वाकणाऱ्याचं तोंड बरोबर कोटावर येत होतं. कारकुनाने आत पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. शिक्का मोडायला सुनावणीचा हुकूम लागतो, आणि परवान्याच्या सुनावणीची तारीख त्यानेच दोन महिन्यांनंतरची घातली होती.

"अहो मास्तर, ते पुसायचं राहिलं की!"

"किल्ली तुमच्याकडे आहे," मास्तर म्हणाले, आणि पिशवी घेऊन पहिल्या घराचा जिना चढायला लागले.