आत्याचा मंगळवार

"मंगळवार म्हणजे मंगळवारच," आत्या ओरडली आणि जयनगरच्या त्या लग्नाच्या हॉलमधल्या तीनशे खुर्च्या घाबरून सरळ रांगेत आल्या. मी डोळ्यांनी पाहिलं.

हॉलचा मॅनेजर, कैक पिढ्या बंगळुरात मुरलेल्या मराठी घरातला, रजिस्टर छातीशी धरून म्हणाला, "अक्का, स्वल्प सावकाश. मंगळवारी कोण लग्न करतं?"

"आम्ही. बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. जग करताना देव तिसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, दोनदा म्हणाला, चांगलं आहे. सोमवारी एकदाही म्हणाला नाही."

लग्न माझं होतं, त्यामुळे मला कोणी विचारत नव्हतं. त्या मंगळवारच्या पुढच्याच आठवड्यात वल्हांडणाचा सण, आणि मग सात आठवडे आमच्यात लग्नं बंद. त्यात मंगळवारीच नवरीच्या एचएसआर लेआउटमधल्या कंपनीचं ॲप बाजारात येणार होतं. "मंगळवार धरलास तर तू एकटाच उभा राहा," असं तिने बजावलं होतं. ती वर्षातून एकदाच गंमत करते, आणि यंदाची करून झाली होती. आत्याला हे सांगितलं, तर म्हणाली, "ॲपला म्हणावं बुधवारी ये."

मॅनेजरने रजिस्टर उघडलं. "रविवार भरलाय. शुक्रवार संध्याकाळ देऊ?"

"शुक्रवारी सूर्य बुडाला की आमचा शनिवार लागतो. शब्बाथ. शब्बाथला लग्न लावतात होय?"

मग दिवस मुळात संध्याकाळीच कसा सुरू होतो, आणि तो सकाळी सुरू होतो असं मानणारे लोक कसे आळशी, हे आत्याने त्याला समजावलं. तेवढ्यात माझी दाढी बोटभर वाढली.

मॅनेजरने मन लावून ऐकलं. मग रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाला, "सरी, बरोबर. म्हणजे सोमवारी सूर्य बुडाला की तुमचा मंगळवार लागला, अक्का. सोमवार संध्याकाळ रिकामी आहे."

पंखा फिरायचा थांबला. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. सत्तर वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावणाऱ्या आत्याने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तसंच मिटलं.

"मला ठाऊक होतं," शेवटी ती म्हणाली. "तुम्हाला कळतं का, ते बघत होते."

मी बाहेर धावलो, नवरीला फोन लावला आणि एका श्वासात देव, सूर्य, आत्या, रजिस्टर, सगळं सांगून टाकलं. सोमवारी रात्री लग्न, मंगळवारी सकाळी तू ऑफिसात, आणि तरी लग्न मंगळवारचंच.

"बरं," ती म्हणाली. "रजा मी सोमवारचीच टाकते."