बोगद्यात बोलायचं नाही

आमच्या घरी तो खेळ चुकीचा खेळला जातो. पुस्तिकेत लिहिलंय तसा आम्ही तो गेल्या दीड वर्षात फार तर चार रविवार खेळलो, आणि यापुढे कधीच खेळणार नाही. ज्यांना हे खटकतं त्यांनी आपापल्या घरी पट मांडावा.

खेळ धाकट्या भावाने आणला, कुणाचा तरी वापरलेला. भलामोठा खोका, आत नकाशाचे तुकडे, पत्ते, प्लास्टिकची माणसं आणि इंग्रजी पुस्तिका. एका बैठकीत संपणारा प्रकार नव्हे. चार प्रवासी डोंगरापलीकडच्या गावाला विस्तव घेऊन निघतात आणि वीस अध्याय चालत राहतात. आज पाय मोडला तर पुढच्या रविवारीही लंगडायचं. आपण सगळे एका बाजूला, पट विरुद्ध बाजूला. सुरतेत डिंडोलीच्या आमच्या घरात माणसंही चारच, आई, बाबा, भाऊ आणि मी. मी कापड मार्केटात साड्यांच्या छपाईची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढते. मला रविवारी सुट्टी, म्हणून रविवारची दुपार ठरली.

बाबांनी तीस वर्षं खात्यात लूम चालवले. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि खात्यात आत पाऊल टाकलं की स्वतःचा आवाजही स्वतःला ऐकू येत नाही, माणसं खुणांनीच बोलतात. त्यात त्यांचे कान गेले. कानाचं मशीन घेतलं होतं, पण त्यातून भांडी पडल्याचा आवाज तेवढा मोठा येतो, माणसांचा नाही, असं म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं.

पहिले काही रविवार भाऊ पुस्तिकेत डोकं खुपसून गोष्ट वाचायचा, आम्ही ऐकायचो, आणि बाबा पटाकडे बघत बसायचे. त्यांची पाळी आली की भाऊच त्यांचा प्रवासी उचलून दोन घरं पुढे ठेवायचा. बाबा मान हलवायचे. चौथ्या रविवारी त्यांनी पाठ दुखते म्हणून सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. त्यांची पाठ दुखत नव्हती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मला भावाचा राग आला, त्या खोक्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला.

पुढचा अध्याय बोगद्याचा होता. बोगद्यात धबधबा कोसळतोय, कानठळ्या बसताहेत, असं पुस्तिकाच म्हणत होती. मग या धबधब्यात हे प्रवासी आरामात गप्पा कशा मारतात? मी पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं, बोगद्यात बोलायचं नाही. गोष्ट वाचायची नाही, करून दाखवायची. बोलायचं असेल तर खात्यातल्या खुणांनी. आणि आत जाऊन बाबांना उठवलं, कारण खुणा आमच्यापैकी कुणालाच येत नव्हत्या.

पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला. मूठ खाली पाडली की लाईट गेली. अंगठा ओठाला टेकवला की चहा. बाबांनी पट बाजूला सारून आधी तासभर आम्हाला खुणाच शिकवल्या, आणि चुकलो की हातावर चापट. बोगद्यातल्या दैत्यासाठी खूण नव्हती. बाबांनी थोडा विचार केला आणि दैत्यालाही पोटावरचा हात लावला. आई हसून हसून लाल झाली. त्या दिवशी बाबांचा प्रवासी सगळ्यांच्या पुढे होता, आणि मागे वळून आम्हाला शिव्या देत होता, त्याही हातांनीच.

मग आम्हाला चटकच लागली. बोगदा संपला तरी खुणा राहिल्या. आईने नियम काढला की मुक्कामाच्या ठिकाणी कुणी काय रांधलं हे करून दाखवल्याशिवाय जखम भरायची नाही. नुसता पत्ता उलटून कुणाचं पोट भरत नाही. बाबांनी स्वतःवरच नियम घालून घेतला की त्यांचा प्रवासी विस्तव खाली ठेवणार नाही, लढतानाही नाही. त्या हट्टापायी आम्ही दोन अध्याय हरलो. भाऊ चिडला, बाबा ढिम्म हलले नाहीत.

अठराव्या अध्यायानंतर कळलं की आमच्या खोक्यात शेवटचे दोन अध्यायच नाहीत. भावाच्या ऑफिसातला एक मित्र दर आठवड्याला असले खेळ खेळायचा. त्याच्याकडे ते होते. एका रविवारी दुपारी तो आपला खोका घेऊन आला. मुलगा सभ्य होता. आईची भजी दोनदा मागून घेतली. पण एक फेरी बघितली आणि त्याचा चेहराच बदलला. हातातले पत्ते एकमेकांना कळवायचे नाहीत असा नियम आहे, आणि तुमच्या खुणा म्हणजे कळवणंच झालं, असं तो म्हणाला. शिवाय वाळूचं घड्याळ लावायला हवं, तुम्ही ते लावतच नाही. मी म्हटलं, आम्हाला असंच जमतं. तो म्हणाला, मग हा तो खेळच राहिला नाही. मी म्हटलं, नसेल.

पुढची पाळी बाबांची होती. ते आपले पत्ते एकेक करून बघत होते, नेहमीसारखे, निवांत. मित्र भावाकडे झुकला आणि हळूच गुजरातीत म्हणाला, "काकानी चाल तुं रमी ले ने, नहीं तो सांज पडी जशे." काकांची खेळी तूच करून टाक, नाहीतर इथेच संध्याकाळ होईल. आणि माझा भाऊ, एवढे महिने त्यांच्या शेजारी बसून खुणा शिकलेला माझा भाऊ, खरोखरच बाबांच्या पत्त्यांकडे हात न्यायला लागला.

बाबांनी पत्त्यांवर पंजा ठेवला.

"पत्ता सोड," ते अहिराणीत म्हणाले. "मन्ही पाळी शे. मी आजून मरेल नही."

मग मित्राकडे वळून, शांतपणे, त्याच्याच गुजरातीत, "सांज पडे तो भले पडे."

मित्राचे कान लाल झाले. यांना ऐकू येत नाही असं तूच सांगितलं होतंस, असं तो भावाला म्हणाला. मी त्याला सरळ सांगितलं की या पटावर आमचे नियम चालतात, पटत असेल तर बस, नसेल तर खोका उचल. त्याने खोका उचलला. शेवटचे दोन अध्याय जिना उतरून गेले आणि भाऊ माझ्यावर भडकला. दीड वर्ष फुकट घालवलंस म्हणाला. मी म्हटलं, जा मग त्याच्या मागे, तिथे घड्याळ लावून खेळ. तो गेला नाही.

बाबांना कळलं कसं, हे मी त्यांच्यासमोर बसून, सावकाश विचारलं. त्यांना माझ्या प्रश्नाचीच गंमत वाटली. खात्यात कान कुणाचेच चालत नाहीत, खुणांनी भागलं नाही की तोंडाकडे बघायचं, एवढं साधं होतं ते. शेठची गुजराती तर ते कानांनी शिकलेच नव्हते. मग घरातलं? मी विचारलं. घरात आणखी सोपं, ते म्हणाले. आम्ही त्यांच्याकडे तोंड करून बोलत नव्हतो, पण एकमेकांकडे करत होतो. समोर बसायला मिळालं की त्यांना पुरत होतं.

मग म्हणाले, "मन्हं काम सोडानं बी तुमी मन्हा पुढेच ठराई टाकं. मी बठं दखं."

सगळं बघितलं होतं त्यांनी. मला ते जेवण आठवलं. खेळ घरात येण्याच्या काही महिने आधीचं. आता पुरे झालं, पुढच्या महिन्यापासून त्यांना घरी बसवू, असं भाऊ म्हणाला होता. मी म्हणाले होते, त्यांना काय, मी समजावते नंतर. समोर बाबा भाकरी मोडत होते. पुढच्या महिन्यात त्यांनी एक शब्द न बोलता खातं सोडलं, आणि किती सहज ऐकलं म्हणून आम्ही दोघं खूश झालो होतो. समजावायला मी गेलेच नव्हते, भावाने सांगितलं असेल असं धरून चालले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ खाली बघत पत्ते गोळा करत होता. आई आत निघून गेली.

मला त्यांची माफी मागता आली नाही. मी पुस्तिका ओढली आणि मागच्या पानावर, आमच्या सगळ्या नियमांच्या खाली, आणखी एक लिहिला. हा खेळापुरता नव्हता. घरातलं सगळं बाबांना सांगायचं. आणि पुस्तिका त्यांच्यापुढे सरकवली.

बाबा चौथीपर्यंत शिकलेत. त्यांनी बोट ठेवत ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग माझ्या हातातलं पेन घेतलं, 'सांगायचं' खोडलं, आणि त्याच्यावर हळूहळू, एकेक अक्षर दाबून, 'विचारायचं' लिहिलं.