नळीतला दुसरा माणूस

फोटो खाली सरकला होता.

आत्या कंपनीच्या दारातच थबकली. स्वागतकक्षाच्या मागच्या भिंतीवर 'आमचे नेतृत्व' अशी पितळी अक्षरं होती आणि त्यांच्याखाली चौकटीतले फोटो. वरच्या रांगेत मालक आणि त्याच्या उजव्या हाताला आत्या, ही मांडणी कंपनीइतकीच जुनी. आज तिथे नव्या बाई हसत होत्या. तोच खिळा, चौकट तेवढी बदललेली. आत्या खालच्या रांगेत, विक्रीप्रमुखाच्या शेजारी.

"हे कोणी केलं गं?"

"उंचीप्रमाणे लावलेत म्हणे, आत्या," स्वागतकक्षातली मुलगी चाचरत म्हणाली.

"उंची? अगं, सगळ्यांची नुसती मुंडकी तर आहेत!"

मालक तिचा सख्खा भाचा, म्हणून ती आत्या. पुढे शिपायापासून हिशेबवाल्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणू लागले. भाच्यानं हा उद्योग मांडला तो तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत. नळीत लाळ घ्यायची आणि घराण्यातून चालत आलेला आजार त्या माणसात आहे का ते वाचायचं, असं ते काम. आत्यानं त्यासाठी इस्पितळाच्या प्रयोगशाळेतली पक्की नोकरी सोडली. लोक म्हणाले, भाच्याच्या नादी लागली. पण नळी आली की तपासायची आत्यानं आणि अहवालावर शेवटची सही करायची तीही आत्यानंच. ती सही झाल्याशिवाय एकही पाकीट बाहेर पडत नसे. एखाद्या बाईला 'तुमच्या मुलीला हा आजार नाही' असं कळायचं ते आत्याच्या वळणदार सहीखाली. त्या सहीवर आत्याचा जीव होता. पगाराचं म्हणाल तर तो कुठे जायचा ते तिच्या नवऱ्यालाच माहीत.

आणि आता भाचा म्हणत होता, नवी चाचणी बाजारात जाईल तेव्हापासून शेवटची सही कोणाची? आत्याची की विज्ञानप्रमुखांची, ते बैठकीत ठरवू.

विज्ञानप्रमुख म्हणजे नव्या बाई. वय आत्याच्या निम्मं. आवाज मऊ. कधी चढत नाही, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. बैठकीत त्या बोलायला लागल्या की भाचा पेन खाली ठेवून ऐकतो. आत्या बोलते तेव्हा तो मोबाइल बघतो. एकदा त्या शिंकल्या तर चौघांनी रुमाल पुढे केले. आत्याला तीन दिवस खोकला होता, तेव्हा सगळे लांब बसले. आणि कहर म्हणजे त्याही तिला आत्याच म्हणत.

"मी तिची आत्या कधीपासून झाले?" संध्याकाळी घरी चहा ओतताना तिनं विचारलं.

नवरा जुना रेडिओ उघडून बसला होता. तोंडात स्क्रू धरून तो म्हणाला, "मग काय मावशी म्हणायला हवं होतं?"

"अहो, माझा फोटो काढून त्याच खिळ्याला तिचा लावलाय. त्याच!"

"हेवा वाटतोय म्हण की सरळ."

"हेवा? मला? तिचा? तिला साधी नळी तिरकी धरता येत नाही!"

"चहा बशीत चाललाय," नवरा म्हणाला.

कंपनीत एक रीत होती. नवी चाचणी लोकांपुढे नेण्याआधी तिच्यासाठी पहिली लाळ वरिष्ठांनी द्यायची. आपण जे लोकांना करायला सांगतो ते आधी आपण करायचं, ही भाच्याची कल्पना. बाकीचे या दिवसाला थुंकीची पंगत म्हणत. नियम मात्र आत्याचे. अर्धा तास आधी खायचं नाही, प्यायचं नाही. नळीवर नाव नाही, फक्त आकडा. कोणता आकडा कोणाचा ते एकट्या आत्याला ठाऊक, आणि ते तिच्या तोंडून कधीही, कुठेही निघायचं नाही. एकदा खुद्द भाच्यानं विचारलं होतं, "माझं काय आलं गं?" तेव्हा तिनं सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "रांगेत ये. भाचा असशील तू घरी."

पंगतीच्या दिवशी आत्या पांढरा कोट घालून प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. विक्रीप्रमुख नेहमीसारखा सुरू झाला. सगळे त्याला तोंडपाटील म्हणत ते उगाच नव्हे.

"आत्या, माझी थुंकी विकायला काढली तर काय भाव येईल?"

"तोंड बंद कर आणि थुंक."

"दोन्ही एकदम कसं जमणार?"

हशा पिकला. मागून नव्या बाई पुढे आल्या. आवाज नेहमीपेक्षाही खाली होता.

"आत्या, दोन मिनिटं बोलायचं होतं. तुमच्या एकटीशी."

आत्याच्या डोक्यात तो खिळा अजून रुतलेला होता. "आधी नळी, मग गप्पा. पंगतीत ताटावरून उठत नाहीत, डॉक्टर."

"पण नळीबद्दलच…"

"अहो, पहिल्यांदाच देताय का? घ्या!"

मागे सगळे बघत होते. नव्या बाईंनी नळी घेतली. नव्या माणसाची लाळ घेताना आत्या काही ठरावीक प्रश्न विचारत असे. रक्त चढवलंय का, कुणाची अस्थिमज्जा घेतलीय का, खाल्लंय का. इतरांची उत्तरं तिला जुनीच माहीत होती. नव्या बाई मात्र नव्या होत्या. तरी आत्यानं विचारलं नाही. हिला काय विचारायचं? हीच तर जगाला शिकवते.

यंत्रातून निकाल आला तेव्हा हाताखालची मुलगी म्हणाली, "आत्या, या एका नळीत दोन माणसं दिसतायत. बाईच्या लाळेत पुरुषाची मिसळलीय. परत मागवू का?"

आत्यानं आकडा बघितला. आणि खरं सांगायचं तर तिला एकदम हलकं वाटलं, कुणीतरी पाठीवरून पोतं उतरवून घ्यावं तसं. नळी हाताळता येत नाही, आणि म्हणे सही करणार!

"राहू दे," ती म्हणाली. "असू दे तसंच."

दोन मिनिटं मागणाऱ्या नव्या बाई त्यानंतर दोनदा प्रयोगशाळेच्या काचेशी आल्या. दोन्ही वेळा आत्याला अचानक पुष्कळ काम निघालं.

बैठकीत भाचा मध्ये बसला. त्याच्या उजवीकडे नव्या बाई, समोर आत्या, आणि कोपऱ्यात खुर्ची मागे झुलवत तोंडपाटील. नव्या बाई पडद्यावर काहीतरी दाखवत होत्या.

"चाचणी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "कच्चा दुवा एकच, नमुना घेण्याचा. तिथे पुन्हा थोडं शिक्षण द्यावं असं मला वाटतं."

भाच्यानं मान डोलावली. पेन खाली ठेवलेलं होतं. आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कोणाला शिक्षण? माझ्या पोरींना?"

"तसं नाही, आत्या…"

"नमुना कुणाला देता येत नाही ते मी सांगते ना! तुमच्या नळीत पुरुषाची लाळ निघालीय, डॉक्टर! काय शिकवणार तुम्ही लोकांना?"

तोंडपाटलाची खुर्ची धपकन खाली टेकली. "अरे वा!" तो म्हणाला. "तरीच बाई त्या दिवशी उशिरा आल्या!"

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. नव्या बाईंनी पडदा बंद केला. आवाज आताही चढला नाही.

"माझ्या भावाची आहे ती. मला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यानं मला अस्थिमज्जा दिली. माझ्या लाळेत तो आयुष्यभर राहणार." मग त्या आत्याकडे वळल्या. "हेच सांगायचं होतं तुम्हाला. एकटीला."

अस्थिमज्जा घेतलेल्याच्या लाळेत देणारा माणूस दिसतो, हे आत्याला काही कालपरवा कळलेलं नव्हतं. किती पोरींना तिनंच हे शिकवलं होतं! त्या निकालाकडे नुसती नजर टाकली असती तरी कळलं असतं. पण तिनं निकाल बघितलाच नव्हता. तिनं खिळा बघितला होता.

भाच्यानं पेन बाजूला सारलं. "आत्या," तो म्हणाला, "चूक कुणाचीही होते गं. पण नळी कोणाची ते तू बोललीस. तू!"

त्यानं आणखी काही म्हणायची गरज नव्हती. घरचा रोग घराबाहेर जाऊ नये म्हणून जे पाकीट बंद असे, ते तिनं भर बैठकीत फोडलं होतं. आणि तोंडपाटलाच्या तोंडी दिलं होतं.

आत्या उठली. कोटाच्या खिशातलं सहीचं पेन काढून तिनं नव्या बाईंसमोर ठेवलं. "शाई निळीच भरायची," एवढंच म्हणाली आणि बाहेर पडली.

ती प्रयोगशाळेत हात धूत होती. मघापासून तेच करत होती. मागे दार वाजलं.

"आत्या, तो निकाल अजून आहे?"

"आहे," मागे न वळता आत्या म्हणाली. मग नळ बंद केला. "चुकलं माझं. फार चुकलं."

नव्या बाईंनी 'असू दे' म्हटलं नाही. आत्याला ते बरं वाटलं. "मला बघायचाय," त्या म्हणाल्या. "भाऊ गेला मागच्या वर्षी. गाडीला अपघात झाला. त्या दिवशी नळी नको म्हणणार होते, पण ते एवढंच नव्हतं. तुम्हाला विचारायचं होतं, तो दिसेल का."

आत्यानं निकाल पडद्यावर उघडला. रेघेवर लहानमोठे उंचवटे उभे राहिले. तिनं बोट ठेवलं. "ही तुम्ही. आणि हा, हा, आणि हा बघा इथे… हा तो."

"नक्की?"

"नक्की. चांगला ठसठशीत आहे."

नव्या बाई पडद्याच्या काचेला बोट लावून उभ्या राहिल्या. आत्या बाजूला झाली. तिलाही भाऊ होता. या मालकाचा बाप. त्याला जाऊन किती काळ लोटला. पुढच्या खोलीत नळ्या मांडताना तोच म्हणायचा, कर गं, कर, पोराला तुझ्याशिवाय कोण आहे. त्याचा एक जुना स्वेटर तिच्याकडे होता, तोही कसरीनं खाल्लेला.

संध्याकाळी नवऱ्यानं रेडिओचं झाकण बसवता बसवता विचारलं, "मग? सही कुणाची?"

"तिची."

"आणि पोटातलं दुखणं? गेलं का?"

आत्यानं चप्पल काढली, पिशवी खुंटीला अडकवली आणि त्याच्याशेजारी खाली बसली.

"कुठलं जातंय," ती म्हणाली. "तिचा भाऊ तिच्या तोंडात आहे हो. आता तर जास्तच दुखतंय."