ईश्वरीबाईंचे सहा लॅपटॉप

आमच्या शिरूर कासारात ईश्वरीबाईंइतकं हट्टी माणूस मी पाहिलं नाही. शेजारच्या झाडाचा आंबा त्यांच्या अंगणात पडला, तरी भिंतीवरून हाक मारून तो परत करायच्या. लोक हसायचे. मीही हसायचे.

साल दोन हजार सहा. नवऱ्याच्या किराणा दुकानाच्या माडीवर बाईंनी मुलींसाठी कॉम्प्युटर क्लास काढायचं ठरवलं. त्यांच्या भावानं पुण्याच्या एका ऑफिसातून निघालेले सहा जुने लॅपटॉप आणून दिले. प्रत्येकाच्या पाठीवर विंडोजच्या लायसनचं स्टिकर, आणि त्यावर बारीक अक्षरांत छापलेली 'की', म्हणजे विंडोज चालू करायचा लांबलचक क्रमांक. जुनं सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायची आणि मशीननं मागितल्यावर ती 'की' भरायची, एवढंच काम होतं.

पण त्या कामावर माझं वर्ष टांगलेलं होतं. मी दहावीला होते. दसरा झाला की ऊसतोडीचा ट्रक यायचा, आई त्यातून जायची, आणि माझ्यासाठी घरी मागं थांबणारं कुणी नव्हतं. बाई माझ्या आईला म्हणाल्या, "रतनबाई, बबिताला आमच्याकडं ठेवा. शाळाही होईल, कॉम्प्युटरही शिकेल."

आई लगेच हो म्हणणारी नव्हती. "आदी मशीन चालू झालेलं दाखवा," ती म्हणाली. "मंग बगू."

मध्ये खंडेनवमी आली. बाईंच्या सासूबाई, शांतादेवी, यांनी दुकानातला तराजू, मापं, अडकित्ता सगळं धुवून पूजेला मांडलं. लॅपटॉप तरी का वगळायचे? तीही सुनेची हत्यारंच. परक्या घरून आलेली म्हणून जरा जास्तच घासूनपुसून काढली. पाठीला चिकटलेले कागद ओल्या फडक्यानं भिजवून अलगद सोडवले, आणि त्या जागी भस्माचे तीन-तीन पट्टे ओढले.

दसऱ्यानंतर बाईंनी फॉरमॅट मारला. अर्ध्या वाटेवर पडद्यानं की मागितली. बाईंनी लॅपटॉप उलटा केला, तर तिथं भस्म. सहाही मशीनचं तेच.

"पूजेला घाण कशी ठिवायची गं?" शांतादेवी रडकुंडीला आल्या. "फेकले न्हाईत मी ते कागद. कुठं ठिवले, तेवढंच ध्यानात येईना."

"राहू द्या आत्याबाई, सापडतील," बाई म्हणाल्या. आम्ही देवघर पाहिलं, डाळींचे डबे उपसले, गाद्या उचलल्या. काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघणार होता. आदल्या संध्याकाळी बीडहून अंगद आला. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा तो. त्यानं खिशातून विंडोजची कॉपी केलेली, की न मागणारी सीडी काढली. "वहिनी, कशापायी जीव काढता? सगळा जिल्हा हिच्यावर चालतोय. जेवणं होस्तोवर मशीन चालू."

आई उंबऱ्याशी बसली होती. मी बाईंकडं पाहिलं. हो म्हणा, हो म्हणा, असं डोळ्यांनी विनवत होते. बाईंचेही डोळे भरले होते, पण त्या आईकडं वळल्या. "रतनबाई, आज मशीन चालू होत नाही. उद्या ट्रक आहे, मला ठाऊक आहे. पण चोरीचं चालू करून तुम्हाला दाखवणार नाही."

मला असा संताप आला! आंबा परत करणं ठीक, इथं माझं आख्खं वर्ष परत चाललं होतं. मी रात्री जेवलेही नाही.

सकाळी आईनं माझं गाठोडं उचललं आणि ट्रककडं न जाता बाईंच्या दाराची वाट धरली. गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं.

"रतनबाई, मशीन अजून..." बाई चाचरल्या.

"मशीनचं मला काय कळतंय, बाई? पोरगी कुणाच्या दारात ठिवायची, ते बगायला आलते मी. तिचं वर्ष चाललं तरी खोटं करीनात तुमी. मला घोर न्हाई आता."

माझ्या तोंडावरून हात फिरवून ती गेली. मागं वळली असती तर तिलाच निघवलं नसतं. ट्रकचा आवाज विरला, तरी मी हुंदके देतच होते.

"ये, वेणी घालते," म्हणत शांतादेवींनी आपली फणेरपेटी पुढं ओढली. त्यांचे मालक वारल्यापासून त्या ती क्वचितच उघडायच्या. झाकण वर केलं, आतल्या आरशात माझं रडकं तोंड दिसलं आणि आरशाच्या कडेनं, जिथं बायका काढलेल्या टिकल्या चिकटवतात तिथं, ओळीनं सहा चकचकीत स्टिकर.

"अगं बया!" शांतादेवींनी कपाळावर हात मारला. "चकचक करत हुते, टाकवले न्हाईत."

बाई हसता हसता रडायला लागल्या. मग एकेक की मी वाचून दाखवली आणि त्यांनी ती भरली. दुपारी पहिला लॅपटॉप चालू झाला.

आई तेव्हा मांजरसुंब्याच्या पुढं गेली असेल. चालू झालेलं मशीन तिनं पाहिलंच नाही.