कापूसच राहू दे

एम.एड.च्या नियमांत कुठंही लिहिलेलं नव्हतं, पण बाहेरगावचे परीक्षक तोंडी परीक्षेला आले की त्यांचं जेवण कुणातरी विद्यार्थ्याच्या घरी ठरलेलं असायचं. त्या वर्षी ते माझ्या गळ्यात पडलं. घर जालन्यातच, कॉलेजजवळ, आणि सासूबाईंच्या हाताच्या चवीची कीर्ती आमच्या मार्गदर्शक सरांपर्यंत पोहोचलेली.

मला भीती जेवणाची नव्हती, लघुप्रबंधाची होती. लेखी पेपर संपले होते, तेवढा प्रबंध आणि त्यावरची तोंडी परीक्षा उरली होती. जाफराबाद तालुक्यातल्या मुली शाळा का सोडतात, हा माझा विषय. त्यातली एक मुलगी म्हणजे माझी लग्न झालेली नणंद. तिनंच हट्ट धरला होता की वहिनी, माझंबी लिहा. नाव-गाव काही दिलं नव्हतं, पण कापूस वेचायला माणूस हवं म्हणून आईनं आठवीतून काढलं, हे तिचं म्हणणं जसंच्या तसं होतं. आणि तीच आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला शिकता यावं म्हणून माझं तान्हं पोर सांभाळत होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

परीक्षक पाटावर बसले, शेजारी आमचे सर. दोन घास झाले न झाले तोच परीक्षकांनी विषय काढला. प्रबंध बरा आहे, पण त्या एका आईचा त्यांना फार राग आला होता. पोरगी वर्गात पहिली, आणि बाईला कापसाची पडलेली. असल्या आयांना काय म्हणावं, असं त्यांनी थेट सासूबाईंनाच विचारलं.

आता सासूबाई आतून पिशवी भरून गावाकडं निघणार, पोर माझ्या पदरात, आणि पदवी गेली बोंबलत, एवढंच डोक्यात आलं. त्यांनी परीक्षकांच्या पोळीवर तूप सोडलं.

"जेवा सर, गार होऊन राह्यलं," त्या म्हणाल्या.

दुपारी तोंडी परीक्षेत मी उत्तरं दिली. परीक्षकांचा एकच आक्षेप होता. मुलीचं ऐकलंत, आईला विचारलंच नाहीत. तिची मुलाखत घेऊन ते प्रकरण दुरुस्त करा, तोवर सही मिळणार नाही.

घरी पोहोचले तर सासूबाई पाळणा हलवत बसल्या होत्या. चप्पल काढायचंही मला सुचेना.

"ती आई म्हंजे मीच ना?"

मी मान डोलावली आणि मला रडूच कोसळलं. अट कशीबशी सांगितली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे सांगायला लागल्या. आठवीसाठी जाफराबादला जीपनं जावं लागायचं. ड्रायव्हर पोरीला पुढं, आपल्या शेजारी बसवायचा. एकदा त्या सोडायला गेल्या, तर तो हसून म्हणाला, मावशी, काळजी नको, हिची जागा मी रोज धरून ठेवतो. एवढंच. घरात बोलल्या असत्या तर पोरीलाच बोल लागला असता. मग कापसाचं निमित्त केलं.

"काही झालं न्हाई. होईल म्हणून भ्याले. पन तू तसं लिहिलं की वाचणारा म्हनंल, कायतरी झालंच असंल. तिच्या सासरपर्यंत जाईल ते. कापूसच राहू दे. मी वाईट बरी."

मी कापूसच ठेवला. आईच्या तोंडी शेतीच्या अडचणीच्या चार ओळी घातल्या, सही झाली, पदवी मिळाली. ती भिंतीवर लावू या असं नवरा म्हणायचा, मी लावू दिली नाही.

सासूबाई गेल्यावर, नणंदेची मुलगी आठवीत गेली त्या वर्षी, त्यांच्या घरी शेंगा सोलत बसलो असताना मी नणंदेला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"पुढं बसायला मला लई आवडायचं, वहिनी," ती म्हणाली. "तो मला हॉर्न वाजवू द्यायचा."

पोरगी शाळेत कशानं जाते, मी विचारलं.

"जीपनंच," ती म्हणाली, आणि तिनं घड्याळाकडं बघितलं.