मार्लिसचे दोन ट्रे

मार्लिस ट्वेटन माझी शेजारीण. एकतीस वर्षं आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये एकच कुंपण आहे, आणि या एकतीस वर्षांत ती एक दिवस काळजीवाचून राहिलेली मला आठवत नाही. पाऊस पडला तर तळघरात पाणी येईल म्हणून काळजी, नाही पडला तर हेझलनटच्या झाडांची काळजी, तीही दुसऱ्याच्या बागेतल्या. मी तिला म्हणते, "मार्लिस, तुला काळजी करायला काही मिळालं नाही तर त्याचीच काळजी करत बसशील."

गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने अठ्ठावीस वर्षं काढली. बुधवारी मुलांना राजम्याची चिली आणि तिच्यासोबत दालचिनीचा रोल, हा इथला नेम. बाहेरगावच्या माणसाला तिखट आणि गोड एका ताटात बघून हसू येतं. आम्हाला येत नाही. आज गावात चाळिशी-पन्नाशीतली जी माणसं आहेत, ती सगळी तिच्या हातच्या रोलवर वाढली. ती तिला अजून 'मिसेस टी'च म्हणतात.

नवरा हृदयविकाराने गेला तेव्हा लेकीने, ब्रिटाने, तिच्या घरातून लोणी, दूध, अंडी हद्दपार केली. महिनाभर मार्लिसने थयथयाट केला. मग हट्टाला पेटून ओटच्या दुधात यीस्ट फुलवलं, बटाटा उकडलेलं पाणी पिठात घातलं, लोण्याऐवजी खोबरेल तेलाचं लोणी लाटलेल्या पोळीवर पसरलं, त्यावर ब्राउन शुगर आणि दालचिनी. असा रोल निघाला की गावातल्या गाईवाल्यांनीही दोनदा मागून घेतला.

सीबीडीचे थेंब त्यानंतर आले. तिच्या बोटांचे सांधे सुजले होते, रात्रीची झोप तर कधीच नव्हती. भांगेच्याच जातीच्या झाडाचं ते तेल. नशा येत नाही म्हणतात, अंग सैल पडतं. इथे आता ते मधासारखं बाजारात मिळतं. मार्लिस ते शनिवारच्या बाजारातल्या एका दाढीवाल्याकडून घ्यायची, घरी काढलेलं, बाटलीवर नुसतं एका पानाचं चित्र. पिठीसाखर आणि खोबरेल लोणी फेटून झालं, रोल कोमट झाले की ती थेंब मोठ्याने मोजत त्या आयसिंगमध्ये घालायची. तेलाला ओल्या गवतासारखी कडसर चव असते, म्हणून त्या ट्रेमध्ये संत्र्याची साल किसून टाकायची. साध्या ट्रेमध्ये साल नाही.

इथे प्रत्येक बाईच्या ट्रेच्या तळाला नावाची कागदी चिकटपट्टी असते, म्हणजे सामुदायिक जेवणानंतर ट्रे ज्याचा त्याच्या घरी जातो. मार्लिसच्या एका ट्रेखाली नाव असायचं आणि दुसऱ्याखाली नावाबरोबर 'माझे'. हा दुसरा घराबाहेर जायचा नाही.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी शेतकरी मंडळाच्या हॉलमध्ये जेवण होतं. जुने ट्रे ब्रिटाने कुठेतरी नेलेले, म्हणून मार्लिसने दोन नवे काढले, अगदी सारखे. दोन्ही भट्टीतून नुकते आलेले, आणि गरम धातूला पट्टी चिकटत नाही. तिने पट्ट्या वरच्या फॉइलवर लावल्या. मग फॉइलखाली आयसिंगला घाम सुटायला लागला म्हणून दोन्ही फॉइल काढून ठेवल्या. बाहेर ब्रिटाचा हॉर्न. मार्लिसने घाईघाईने फॉइल परत दाबल्या, नुसत्या नावाची पट्टी असलेला ट्रे उचलला आणि निघाली.

रविवारी सकाळी नऊ वाजता ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. अंगात कोट, पायात घरातल्या सपाता. हातात एक चावा घेतलेला रोल.

"सुला, हा खा."

"अगं, बस तरी आधी."

"खा म्हणते ना!"

मी तुकडा तोंडात टाकला. "चांगला आहे की."

"संत्रं लागतंय?"

"नाही."

"नाही ना!" ती खुर्चीत कोसळलीच. "हा 'माझे' लिहिलेल्या ट्रेमधला. फॉइलची अदलाबदल झाली गं. म्हणजे काल हॉलमध्ये गेला तो..."

मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू. काल मीही एक खाल्ला होता आणि दुपारी खुर्चीत घोरत पडले होते. पाद्रीबाईंनी तर दीड खाल्ला. मी म्हटलं, "जाऊ दे गं, सगळं गाव एक दिवस शांत झोपलं. पुण्यच लागेल तुला."

"वेंडेलने तीन खाल्ले."

माझं हसू तिथेच थांबलं.

वेंडेल हाउगेन शाळेची पिवळी बस चालवतो. लहानपणी घरी उपाशी राहणारं पोर. मार्लिस त्याला बुधवारी दुसरा रोल गुपचूप द्यायची. पुढे तो दारूच्या नादी लागला, लाकडाच्या गिरणीतली नोकरी गेली, बायको गेली. तीन वर्षांपूर्वी त्याने बाटली सोडली आणि दोन वर्षं दारोदार हिंडून ही बस मिळवली. बसचालकांना कधीही बोलावून लघवीची तपासणी करतात. त्या घरगुती तेलात नशेचा अंश किती, हे त्या दाढीवाल्यालाही माहीत नसणार. तो अंश तपासणीत दिसला तर बस गेली. आणि बसपेक्षा वाईट म्हणजे, वेंडेल पुन्हा घसरला असंच गाव म्हणणार. नुसता रोल खाल्ला, यावर कोण विश्वास ठेवणार?

"मीच वाढले त्याला," मार्लिस म्हणाली. "तो दोनावर थांबत होता. मी म्हटलं, घे रे पोरा, किती वाळलायस."

मी तिला सांगितलं की गप्प बस. स्पष्टच सांगते, मीच सांगितलं. तपासणी वर्षात एकदोनदा होते, याच आठवड्यात कशाला होईल? सांगितलंस तर त्याला स्वतःहून बस थांबवावी लागेल, नाही सांगितलंस तर चार दिवसांत आपोआप निघून जाईल. मार्लिस मान हलवत होती, पण ती होकाराची होती की नुसती थरथरत होती ते मला कळेना. तिने तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला.

दुपारी वेंडेलच तिच्या दारात आला. मी तिथेच होते, तिला एकटं सोडवेना. त्याने कुंपणाची फळी दुरुस्त करायचं कबूल केलं होतं, हातोडा घेऊनच आला होता. चेहरा असा उजळलेला मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

"मिसेस टी, काय सांगू तुम्हाला! काल नऊ तास झोपलो. नऊ! दारू सोडल्यापासून पहिल्यांदा. सकाळी उठलो आणि वाटलं, झालं, सुटलो. आता मी खरंच बरा होतोय."

मार्लिसने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच 'नको' म्हटलं.

"वेंडेल," ती म्हणाली, "तो तू नव्हतास. ते माझं औषध होतं."

तिने सगळं सांगितलं, ट्रे, फॉइल, पट्ट्या, काही गाळलं नाही. वेंडेल ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा झाला, ते बघवेना. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "म्हणजे मी नाही झोपलो," आणि फळी ठोकून निघून गेला.

सोमवारी पहाटे बस काढण्याआधी तो बसखात्याच्या रोंडाकडे गेला आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं. रोंडाने तपासणीला पाठवलं आणि निकाल येईपर्यंत घरी बसवलं. बसवर बदली बाई दिसली तशी दुपारपर्यंत गावात कुजबुज सुरू झाली. किराण्याच्या दुकानात एक बाई मला म्हणालीच, "पुन्हा बाटली वाटतं? वाटलंच होतं."

मग मार्लिसने जे केलं ते मी तिच्याकडून कधीच अपेक्षिलं नव्हतं. लोकांशी फोनवर बोलायलासुद्धा घाबरणारी ही बाई मंगळवारपासून रोज सकाळी बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. पावसात, छत्री घेऊन. मुलांना सोडायला आलेल्या प्रत्येक आईबापाला गाठायची. "ते रोल माझे होते. चूक माझी. वेंडेलने काही प्यायलेलं नाही." मान लाल व्हायची.

"मिसेस टी, तुम्ही? भांगेचे रोल?" एका बापाने दात काढले. "आमच्या वेळी नव्हते हो असले!"

"तुझ्या वेळी तू भाज्या बाकाखाली टाकायचास, हॅरल्ड. मला ठाऊक आहे. हसू नकोस."

मी तिच्या शेजारी उभी राहायचे. गप्प बस असं सांगणारी मीच, म्हणून मला मान वर करवत नव्हती. तिचा जीव टांगणीला लागला होता. रोज संध्याकाळी मला विचारायची, "काही कळलं?" जणू निकाल माझ्याकडे येणार होता.

शुक्रवारी निकाल आला. काही सापडलं नाही. सोमवारपासून बस त्याची. मार्लिस माझ्या गळ्यात पडून एवढी रडली की माझा स्वेटर भिजला. आम्ही दोघींनी भर दुपारी खुर्चीत बसून अर्धा सफरचंदाचा पाइ संपवला.

शनिवारी सकाळी वेंडेलची गाडी तिच्या दारात थांबली. मला वाटलं, आभार मानायला आला. मी कुंपणाच्या कडेकडेने कॉफी घेऊन गेले. तो टेबलाशी बसला होता, डोळ्यांखाली काळं. दाढी वाढलेली.

"आठवडाभर डोळा लागला नाही," तो म्हणत होता. मग टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत, आमच्या दोघींकडे न बघता, त्याने विचारलं, "मिसेस टी, ते दुसरे... त्यातले काही उरलेत का? एकच. नुसतं झोपण्यापुरतं."

मार्लिसचे हात टेबलावर होते, बोटं सुजलेली. त्या शनिवारपासून तिने स्वतः एक थेंब घेतला नव्हता, हे मला माहीत होतं. बाटली मात्र कपाटात होती. मी मनात म्हणत होते, नाही म्हण, उरले नाहीत म्हण, एवढं एक खोटं बोल.

"बाटली आहे," ती म्हणाली. "तुला देणार नाही."

वेंडेलने मान हलवली. उठला नाही.

"पीठ मळायला बस," ती म्हणाली. "माझे हात चालत नाहीत आज."

मी घरी आले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मी पुन्हा पुन्हा खिडकीशी जाऊन पाहत होते, गाडी आहे ना. गाडी होती. तो तिथे आहे तोवर दुसरीकडे कुठे नाही, एवढंच मला कळत होतं.