चौसष्टावी रचना

मादाम सोलांज सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि कॅनडातल्या रेजिना शहरात आपल्या घराच्या बेसमेंटमध्ये पियानो शिकवतात. जन्म फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. वडील होड्या दुरुस्त करायचे. संगीताचं शिक्षण संपवून त्या फक्त एका वर्षासाठी इथल्या शाळेत शिकवायला आल्या. ते वर्ष अजून संपलेलं नाही, असं त्या सांगतात. तरुणपणी केलेल्या संगीतरचना त्यांनी पॅरिसला पाठवल्या होत्या. उत्तरं फार सभ्य आली. मग त्या विद्यार्थ्यांसाठीच लिहू लागल्या. "माझं संगीत वाजवणारे सगळे बारा वर्षांच्या आतले," त्या हसत म्हणतात, "आणि टीकाकार त्याहून लहान."

मूल नीट ओळखीचं झालं की त्याच्यासाठी एक स्वतंत्र रचना लिहायची, ही त्यांची रीत. त्याचं चालणं, रुसणं, खिदळणं, सगळं तिच्यात येतं. जूनमधल्या कार्यक्रमात ज्याने त्याने आपापली वाजवायची. अशा त्रेसष्ट झाल्या. शेजारच्या नीलला सहा महिन्यांत मिळाली. आमच्या अकरा वर्षांच्या कादंबरीला तीन वर्षांत नाही. नीलचा कागद दिसला की ती मान वळवायची.

"तिच्यात काही कमी आहे का रे?" मी नवऱ्याला रोज विचारायची.

"अगं, त्यांनाच विचार ना," उन्मेष म्हणायचा. "मला पियानोचं झाकण उघडता येतं, तेवढंच."

जानेवारीत विचारलं. मादामनी चष्मा काढला. "तुमच्या मुलीला मी अजून ऐकलेलंच नाही."

"तीन वर्षं येतेय की!"

"येते. पण मला ऐकू येता तुम्ही."

शिकवणी चालू असताना मी शेजारी खुर्ची टाकून बसायची. सांगलीत मी पेटी शिकत होते तेव्हा आईही अशीच बसायची. मुलीला सोडून निघून जाणं म्हणजे निष्काळजीपणा, असंच आमच्याकडे मानतात. मी मांडीवर ताल धरायची, चुकलं की "अं हं" म्हणायची.

"आई, मी चुकायच्या आधीच तू अं हं करतेस," कादंबरी म्हणाली.

त्या दिवसापासून मी गाडीत. बाहेर उणे एकतीस, हीटर चालू, आणि जीव बेसमेंटमध्ये. तिसऱ्या मंगळवारी कादंबरी उड्या मारत बाहेर आली. "आज मी टोटली चुकले!" मागून मादाम दारातूनच ओरडल्या, "फार सुंदर चुकली!"

एप्रिलमध्ये कागद हातात पडला. वर कादंबरीचं नाव. तिच्या ओळींखाली आणखी एक ओळ होती, 'आईसाठी'. तिच्यात अगदी शेवटी एकच स्वर. त्याआधी दोन पानं नुसती शांतता.

"मादाम, मला पियानो येत नाही हो."

"स्वर सोपा आहे. दोन पानं कठीण आहेत."

जूनमध्ये आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो. पहिल्या पानावरच कादंबरी अडखळली. मी ओठ घट्ट मिटले. ती थांबली, स्वतःशीच हसली आणि तीच जागा पुन्हा, जास्त खोडकरपणे वाजवली. ही मुलगी एवढी वात्रट आहे? मला घरात कधी दिसली नव्हती. मी ऐकतच राहिले.

"आई! नाऊ!" तिने कोपर मारलं.

मी दचकून एका बोटाने माझा स्वर वाजवला. चांगलाच उशिरा. हॉल हसला, सगळ्यात मोठ्याने मादाम. मग त्या उठून आल्या, कानामागची पेन्सिल काढली, कागदावरचा माझा स्वर खोडला आणि मी वाजवला होता तिथे लिहिला.

"आता बरोबर झालं," त्या म्हणाल्या.